क्यूएमूमधलं आयआरक्यू रिफॅक्टरिंग: रंगरंगोटी की गरज?

जुनी_तार: क्यूएमू म्हणजे अख्खा संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करणारा एम्युलेटर, आयआरक्यू म्हणजे डिव्हाइसची इंटरप्ट लाइन आणि रिफॅक्टरिंग म्हणजे वागणूक न बदलता कोडची फेरमांडणी. काल कोणीतरी लिहिलं, '२०२२ मध्ये पीएस/२ कीबोर्ड-माउसमधला फंक्शन पॉइंटर काढून नेम्ड जीपीआयओ लाइन (नाव दिलेली सिग्नलची तार) घातली, ही नुसती रंगरंगोटी. गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या ओएसला, काय फरक पडला?' वाचून राहवलं नाही. आधी तो कोड एक कॉलबॅक (कंट्रोलरने दिलेलं फंक्शन) आणि एक व्हॉइड पॉइंटर (कशाचा ते न सांगणारा पत्ता) धरून बसायचा. पलीकडचा कंट्रोलर पीसीचा ८०४२ आहे, एचपीचा लासी की एआरएमचा पीएल०५०, वाचून पत्ता लागायचा नाही. डिव्हाइसने 'माझ्याकडे बाइट आहे' एवढंच सांगावं. आयआरक्यू १ (कीबोर्डचा) उचलायचा की १२ (माउसचा), हे कंट्रोलरचं काम.

बायसेक्ट: लिहिणारा मीच, आणि मत तेच आहे. क्यूएमूचे वर्षाला तीन रिलीज येतात. दर वेळी आमच्या खासगी डिव्हाइस मॉडेलांचं रीबेस, म्हणजे ती नव्या कोडवर पुन्हा बसवणं, माझ्या गळ्यात. यंदा गणपतीची सुट्टी त्यातच गेली. चालता कोड हलवणार तुम्ही, निस्तरायचं आम्ही!

जुनी_तार: मग मॉडेल अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रकल्पाला, द्या. एपीआय बदलणारा मूळ कोडच्या झाडातले सगळे वापर स्वतःच बदलतो.

बायसेक्ट: ग्राहकाचं हार्डवेअर अजून बाजारात नाही, गुप्ततेच्या करारावर माझी सही आहे. कसं देऊ? हा सल्ला ऐकून कान किटले.

खुंटी: रीबेसचं राहू द्या. आमच्या सीरियल मॉडेलमध्ये कोणीतरी 'मागची लेव्हल' साठवली होती, तीच असेल तर सेट_आयआरक्यूचा (लाइन वर-खाली करणारा) कॉल वाचवायला. व्हीएमस्टेटमध्ये (मायग्रेशनमध्ये सोबत जाणाऱ्या नोंदीत) ती नव्हती. लाइन वर असताना लाइव्ह मायग्रेशन झालं, चालता गेस्ट दुसऱ्या मशीनवर गेला. पलीकडे व्हेरिएबल शून्य, ८२५९ च्या (इंटरप्ट कंट्रोलरच्या) लेखी मात्र लाइन वरच. डिव्हाइस लाइन खाली करायला गेलं, 'आधीच शून्य' म्हणून कॉल गाळला. पुढे नवी एज (लाइन खालून वर जाण्याचा क्षण, त्यावरच ८२५९ इंटरप्ट धरतो) आलीच नाही. कन्सोल ठप्प, माझ्या तीन रात्री गेल्या.

बायसेक्ट: म्हणजे माझंच खरं. क्यूएमू_आयआरक्यूमध्ये, म्हणजे त्या लाइनच्या स्ट्रक्चरमध्ये, फक्त हँडलर, ओपेक (हँडलरला द्यायचा पॉइंटर), नंबर. लेव्हल साठवलेलीच नसते. नेम्ड लाइनने हा बग टळला असता का?

खुंटी: नसता टळला. पण लवकर सापडला असता. आमच्याकडेही कॉलबॅकच होता. लाइन असती तर क्यूटेस्टमधून (क्यूएमूच्या चाचणी-चौकटीतून) इंटरसेप्ट करून वर-खाली बघितली असती.

बायसेक्ट: टेस्टपुरतं मान्य. पण मग रिफॅक्टरिंगच्या पॅचसोबत टेस्टही पाठवा. तेवढं केलंत तर मी रीबेसबद्दल चकार शब्द काढणार नाही.

जुनी_तार: ही मागणी रास्त आहे. खुंटी, ते व्हेरिएबल व्हीएमस्टेटमध्ये घातलंत?

खुंटी: काढूनच टाकलं. घालायचं तर जुन्या व्हर्जनसाठी वेगळा सबसेक्शन (त्या नोंदीचा ऐच्छिक भाग) लागला असता. आता रजिस्टरांवरून लेव्हल काढतो आणि दर वेळी थेट सेट_आयआरक्यू.