मदत हवी आहे: १२ मार्च २०२८, मॉरिशस

नमस्कार मंडळी. १२ मार्च २०२८ ला मॉरिशसच्या स्वातंत्र्याला ६० वर्षं होतायत. दांडीयात्रा निघाली तीच तारीख! १९६८ साली झेंडा फडकला ते पोर्ट लुईसचं शाँ द मार्स मैदान आईला दाखवायचंय. तिथेही मराठी घरं आहेत हे कळल्यापासून तिने पुरणयंत्र न्यायचं ठरवलंय, मी गप्प आहे.

दादरच्या एजंटाने फक्त बीचची पॅकेजं पुढे केली, म्हणून इथे विचारतोय. सोहळ्याला पर्यटकांना आत सोडतात, की पास लागतो? आईला गुडघ्यांमुळे तासभर उभं राहवत नाही, बसायची सोय असते का? मार्च म्हणजे तिकडे चक्रीवादळांचा मोसम, तर मुंबईहून तिकीट रद्द करता येईल असंच काढू का? तिथला १२ मार्च कुणी पाहिलाय?