आमच्या गावात किती घरं बांधायची, हे ट्रेंटनने (न्यू जर्सीच्या राजधानीने) का ठरवावं?

मिलस्टोनकाठ

न्यू जर्सीत येऊन मला एकवीस वर्षं झाली, त्यातली सतरा याच गावात गेली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं सगळं मध्य जर्सीतल्या कुठल्याही गावाला लागू पडेल.

२०२५ च्या मे महिन्यात प्लॅनिंग बोर्डाच्या सभेला गेलो होतो. हॉल खच्चून भरलेला, निम्मी माणसं भिंतीला टेकून उभी. माइकवर प्रत्येकाला तीन मिनिटं. रांगेत माझ्या पुढे सत्तरी ओलांडलेल्या एक इटालियन बाई होत्या, हातात चार घड्या घातलेलं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल. त्यांनी विचारलं, "आत्ताच शाळेचे दोन वर्ग ट्रेलरमध्ये भरतात. ही चारशे घरं आली की मुलं बसवणार कुठे, आणि माझं बिल किती वाढणार?" बोर्डाच्या वकिलाने शांतपणे सांगितलं की घरं किती, हा आजचा विषयच नाही. आकडा ठरलेला आहे, आज बोलायचं ते फक्त जागेबद्दल. बाईंनी बिलाची पुन्हा घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि जाऊन बसल्या. त्यांचं एक मिनिटही पुरतं झालं नव्हतं.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल खटल्यात निकाल दिला की गरिबांना घरच मिळू नये असे झोनिंगचे (कुठल्या जागेवर काय बांधायचं ते ठरवणारे) नियम वाढत्या गावांना करता येणार नाहीत, प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या परवडणाऱ्या घरांना जागा दिलीच पाहिजे. १९८३ च्या दुसऱ्या निकालाने बिल्डरांच्या हाती हत्यार दिलं. गाव टाळाटाळ करत असेल तर बिल्डर कोर्टात जातो, साधारण २० टक्के घरं परवडणारी ठेवण्याची तयारी दाखवतो आणि त्या बदल्यात उरलेली ८० टक्के बाजारभावाची घरं गावाच्या नियमांपेक्षा कितीतरी दाट बांधायची परवानगी मिळवतो. मार्च २०२४ मध्ये गव्हर्नर मर्फींनी याच विषयावरच्या नव्या कायद्यावर सही केली. २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी राज्याने काढलेला आकडा सुमारे ८५ हजार नव्या परवडणाऱ्या घरांचा आहे. ३१ जानेवारी २०२५ पर्यंत गावांनी आपला आकडा मान्य करायचा, ३० जूनपर्यंत आराखडा द्यायचा. माँटव्हेल या गावाच्या पुढाकाराने काही गावं कोर्टात गेली, पण न्यायाधीशांनी स्थगिती नाकारली.

मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. माझ्यापुरता त्याचा अर्थ असा: निर्णयाचा भार जो उचलतो, निर्णय त्याच्याच हातात हवा. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचं सरासरी बिल वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेलं आहे, देशात सगळ्यात जास्त. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे चार हप्ते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो. मग शाळेचा बोजा गावाने उचलायचा आणि गाव केवढं व्हावं ते राजधानीत ठरायचं, हा कुठला न्याय? २०१० मध्ये तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी डेमोक्रॅटिक विधिमंडळाबरोबर बसून कराच्या वाढीवर २ टक्क्यांची मर्यादा आणली. तसा कारभार मला हवा आहे.

हीच पट्टी मी वॉशिंग्टनलाही लावतो. २०१७ मध्ये माझ्याच रिपब्लिकन पक्षाने फेडरल आयकरात मिळणाऱ्या राज्याच्या आणि स्थानिक करांच्या वजावटीवर १० हजारांची मर्यादा घातली. ते चूक होतं. ती ४० हजारांवर यायला २०२५ उजाडलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क एका जाहीरनाम्याने लावलं गेलं, तेही मला मान्य नाही. असा निर्णय काँग्रेसमध्ये चर्चा होऊन, मतदान होऊन व्हायला हवा होता.

---

रानजाई

तुमची कळकळ पोचली, पण त्या बाईंची गोष्ट सांगितलीत तशी ज्यांच्यामुळे हा खटला उभा राहिला त्यांचीही सांगायला हवी होती.

माउंट लॉरेलमध्ये स्प्रिंगव्हिल नावाची वस्ती होती. कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, काही जण तर कोंबड्यांच्या खुराड्यांची घरं करून. बाहेरून आलेले नव्हेत, त्याच गावचे. एथेल लॉरेन्स आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी ३६ अपार्टमेंट बांधायची परवानगी मागितली. टाउनशिपने नाकारली, कारण झोनिंगमध्ये अपार्टमेंट बसतच नव्हती. म्हणजे गावाने गावातल्याच माणसांना जागा नाकारली. तुमच्या हिशेबात ती माणसं गावात धरायची की नाही?

शेवटी एथेल लॉरेन्स यांच्या नावाची १४० घरं उभी राहिली, पहिली शंभर २००० साली आणि उरलेली नंतर. त्या १९९४ मध्येच गेल्या होत्या. नंतर प्रिन्स्टनच्या डग्लस मॅसींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला सविस्तर अभ्यास केला. गुन्हेगारी, घरांच्या किमती, कर, तिन्ही बाबतींत आजूबाजूच्या गावांपेक्षा काहीही वेगळं घडलं नव्हतं. तुमच्या सभेत जी भीती बोलली जाते तीच तिथेही बोलली गेली होती.

मी एका हॉस्पिटलमध्ये पाळ्यांचं वेळापत्रक लावते. आमच्या नर्सिंग असिस्टंटपैकी एक जण सकाळी सातच्या पाळीसाठी पावणेपाचला घर सोडते, दोन बस बदलून येते. ज्या गावात ती म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालते, तिथे भाड्याने एक खोली घेणंसुद्धा तिला परवडत नाही. दुसरी बस चुकली की मला फोन येतो आणि रात्रपाळीवाल्या बाईला मी आणखी तासभर थांबवते.

---

ऑस्टिनचा_बापू

मीही कॉन्झर्व्हेटिव्ह आहे, पण मिलस्टोनकाठ, तुमच्याशी बिलकूल सहमत नाही.

जमीन कुणाची? मालकाची. आपल्या दोन एकरांवर त्याला बारा घरं बांधायची असतील तर शेजाऱ्यांनी हात वर करून "नको" म्हणायचं, यात कॉन्झर्व्हेटिव्ह काय आहे? तुम्ही ज्याला गावाचं स्वातंत्र्य म्हणता तो माझ्या लेखी दुसऱ्याच्या मालमत्तेवर बसवलेला सरकारी पहारा आहे. सरकार गावचं असलं म्हणून ते सरकार नसतं असं नाही.

आमच्याकडे टेक्सासमध्ये २०२५ मध्ये रिपब्लिकन विधिमंडळानेच मोठ्या शहरांचे हात बांधले. नव्या वसाहतींत ३ हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर घर बांधायला आता त्यांना मनाई करता येत नाही, आणि दुकानं-ऑफिसांसाठी राखलेल्या जागेवर अपार्टमेंटही बांधता येतात. माँटानात रिपब्लिकन गव्हर्नर जियानफोर्टेंनी २०२३ मध्येच असे कायदे केले. यात कोटा नाही आणि कोर्टाने ठरवलेला वाटाही नाही. मालकाला मोकळं सोडा, घरं वाढतील, भाडी उतरतील. माउंट लॉरेलची पद्धत मला आवडत नाही, पण तुमचा उपाय त्याहून वाईट आहे.

---

ओकट्री_रोड

गावाच्या हाती सगळा निर्णय द्या म्हणणाऱ्या आपल्या लोकांना न्यू जर्सीतल्याच एडिसन टाउनशिपची आठवण करून द्यावीशी वाटते. नव्वदच्या दशकात टाउनशिपने नवरात्रातल्या गरब्यावर वेळेची बंधनं घातली. आयोजकांना फेडरल कोर्टात जावं लागलं आणि १९९६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तेव्हा गावातल्या बहुमतावर सोडलं असतं तर?

दुसरं उदाहरण बर्नार्ड्‌स टाउनशिपचं. तिथे मशिदीच्या अर्जावर ३९ सुनावण्या झाल्या. गाडी लावायच्या ५० जागा पुरतात असं अर्जदार म्हणत होते, बोर्डाने १०७ मागितल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये परवानगी नाकारली. २०१७ मध्ये टाउनशिपला ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. सगळं पार्किंगच्या नावाखाली चाललं होतं. शाळेचे ट्रेलर, रस्त्यावरची गर्दी ही कारणं ऐकली की मला ते १०७ आठवतात.

---

शिवणे_ते_सॉमरसेट

मिलस्टोनकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत, घराचं कर्ज फिटून अकरा वर्षं झाली. तरी महिन्याला आठशे डॉलर निव्वळ टॅक्सचे. आपल्याच घरात भाड्याने राहतोय असं ते म्हणतात. त्यांचा विचार कुठल्या कोर्टाने केला?

---

मिलस्टोनकाठ

रानजाई, एथेल लॉरेन्स यांच्याबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. मी ते वगळायला नको होतं. १९७० मध्ये त्या गावाने जे केलं ते लाजिरवाणं होतं, आणि १९७५ च्या निकालातलं "हाकलू नका" एवढं मला मान्य आहे. "हाकलू नका" पासून "दहा वर्षांत इतकी घरं उभी राहू द्या" इथपर्यंतचा प्रवास मला मान्य नाही. मॅसींचा अभ्यास मी वाचला आहे. पण ती १४० घरं सगळी परवडणारी होती, ना-नफा तत्त्वावर बांधलेली आणि नीट सांभाळलेली. आमच्याकडे येतायत त्या चारशेपैकी ऐंशीच परवडणारी आहेत. उरलेली ३२० कुणासाठी? तुमच्या नर्सिंग असिस्टंटसाठी नक्कीच नाहीत. शाळेत येणारी बहुतेक मुलंही त्याच ३२० घरांतून येतील.

ओकट्री_रोड, धर्मस्वातंत्र्य गावाच्या मतावर सोडायचं नसतंच. झोनिंगच्या आडून प्रार्थनास्थळं अडवू नयेत म्हणून २००० साली फेडरल कायदा झाला, त्यासाठी धार्मिक कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळीही झटली होती. हक्क कोर्टाने राखावेत. घरांचा आकडा हा हक्क नाही, तो नियोजनाचा प्रश्न आहे.

बापू, तुमच्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार करतोय. उत्तर सापडलं नाही, हे कबूल करतो. एवढंच म्हणेन, की टेक्सासमध्ये मोकळी जमीन आहे. इथे शेवटची शेतं उरली आहेत.

---

पौडफाटा

मी पुण्यातून लिहितोय, तिथल्या राजकारणात पडत नाही. पण ८०-२० वाचून थांबलो. आपल्याकडेही मोठ्या शहरांत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधायचं तर २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात, म्हाडा सोडत काढते. माझ्या धाकट्या भावाला त्यातच घर लागलं. सोसायटीच्या पहिल्या सभेत "ते म्हाडावाले" असं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मेंटेनन्स तो सगळ्यांच्या आधी भरतो. बाजारभावाची ८० टक्के बांधल्याशिवाय ती २० टक्के होत नाहीत, हे खरंच आहे. पण ती २० टक्के झाली नसती तर माझा भाऊ आज उरुळीहून रोज ये-जा करत असता.

---

रानजाई

मिलस्टोनकाठ, ३२० घरांचा मुद्दा रास्त आहे. पण ८०-२० का आलं? गावं स्वतः पैसा घालून १०० टक्के परवडणारी घरं बांधायला तयार नव्हती म्हणून. ती वाट नव्या कायद्यातही खुली आहे. तुमच्या बोर्डाने ती घेतली असती तर ऐंशी घरांत काम भागलं असतं, चारशेची गरज नव्हती. सभेत हे कुणी विचारलं का? आणि २००८ पर्यंत गावांना निम्मा वाटा पैसे देऊन शहरांकडे वळवता येत होता. कित्येक गावांनी तेच केलं. पैसे द्यायचे पण माणसं नकोत, याला मी नियोजन म्हणणार नाही.

राजकारणाचं म्हणाल तर २०२४ मध्ये ट्रम्प न्यू जर्सीत फक्त सहा टक्क्यांनी मागे राहिले, पसेइक काउंटीसुद्धा त्यांनी घेतली. वर्षभरात डेमोक्रॅट मिकी शेरिल गव्हर्नरपद सुमारे चौदा टक्क्यांनी जिंकल्या. तुमच्यासारखी वजावट आणि व्हिसा शुल्क दोन्हींवर स्वतःच्या पक्षाला चूक म्हणणारी माणसं त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी सिएटरेली यांच्या प्रचारात मोठ्याने बोलली असती, तर मी निदान ऐकलं असतं. मला तरी तिथे तो आवाज ऐकू आला नाही.

---

मिलस्टोनकाठ

नाही, १०० टक्केवाल्या पर्यायाबद्दल त्या सभेत कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझी तीन मिनिटं मी रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलण्यात घालवली.

आज टाउन क्लार्ककडे लेखी अर्ज दिला आहे: गावाच्या मालकीची जुन्या डेपोमागची नऊ एकर जागा ना-नफा संस्थेला देऊन तिथे फक्त परवडणारी घरं बांधली, तर एकूण आकडा कितीवर येतो आणि शाळेत मुलं किती वाढतात, याचा हिशेब बोर्डाने मांडावा. त्या इटालियन बाईंनीही अर्जावर सही केली. सही करण्याआधी दोनदा वाचला, आणि विचारलं, "बिल किती वाढेल ते यात लिहिलंय का?" मी ती ओळ हाताने खाली जोडली.