एमटीव्हीने म्युझिक व्हिडिओ जन्माला घातला? मुळीच नाही!

टेपवाला: परवा व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरत आली. '१ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं आणि म्युझिक व्हिडिओ जन्माला आला, तोवर लोक गाणी नुसती ऐकत होते.' खाली टाळ्याच टाळ्या. डोकं सणकलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

त्या रात्री एमटीव्हीने पहिलं गाणं लावलं ते बगल्स या ब्रिटिश बँडचं, 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'. त्याचा व्हिडिओ रसेल मुल्काहीने १९७९ मध्येच केला होता. जन्माच्या रात्री बाळ दोन वर्षांचं कसं?

चाळीस वर्षं मागे चला. अमेरिकेतल्या बारमध्ये १९४० पासून 'पॅनोरम' नावाचं यंत्र असायचं. माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, वर काचेचा पडदा, पोटात १६ एमएमचा प्रोजेक्टर. दहा सेंटचं नाणं टाकलं की एक गाणं दिसायचं. आतली जागा अपुरी, म्हणून चित्र आरशांवरून वळवून पडद्यावर आणत. त्यासाठी प्रिंटच उलटी काढायचे. एका रिळावर आठ गाणी, पण निवड नाही, पुढचं जे येईल ते बघायचं. या तुकड्यांना 'साउंडी' म्हणत. फॅट्स वॉलर, ड्यूक एलिंग्टन, लुई जॉर्डन हे काळे कलाकार सगळे त्यात आहेत. १९६० मध्ये फ्रान्समध्ये स्कोपिटोन नावाचं तसंच यंत्र आलं. त्यात रंग होता आणि ३६ गाण्यांतून हवं ते निवडता यायचं.

पुढची गोष्ट अडचणीतून घडली. बीटल्सना प्रत्येक देशाच्या टीव्हीवर जाणं झेपेना, म्हणून १९६६ मध्ये लंडनच्या चिझिक हाउसच्या बागेत दोन गाणी चित्रित करून फिल्मच पाठवली. क्वीन या ब्रिटिश बँडला १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे ऑपेरावालं गाणं स्टुडिओत उभं राहून सादर करणं शक्य नव्हतं. चारेक तासांत व्हिडिओ उरकला. गायक जाऊ शकत नाही तिथे चित्र जातं. व्हिडिओ त्यातून आला. चॅनेलने तो फक्त दाखवला.

मोगरा: आणि आपलं काय? 'आलम आरा' १९३१ ची, सात गाणी. तुमच्या पॅनोरमच्या नऊ वर्षं आधी. गुरुवारी रात्री दूरदर्शनवर सिनेगीतांचं छायागीत लागलं की आमच्या चाळीत जिना ओस पडायचा. सिनेमा कोणता, नायक-नायिकेचं काय झालं, कुणाला पडलेली नसायची. ते म्युझिक व्हिडिओ नाहीत तर काय? दरवेळी इतिहास साहेबाच्या दारातूनच का सुरू करता?

टेपवाला: मोगराताई, छायागीत मीही बघितलंय. पण ते गाणं सिनेमाचं तिकीट खपावं म्हणून असायचं. साउंडीत कथाच नाही, गाणं हाच माल. शिवाय 'आलम आरा'त पार्श्वगायन नव्हतं. वादक कॅमेऱ्याआड लपून वाजवायचे, गाणं आणि चित्र एकाच वेळी. आधी ध्वनिमुद्रण, मग त्यावर ओठ हलवणं हे हिंदीत १९३५ पासून.

मोगरा: म्हणजे साउंडीच्या पाच वर्षं आधी! तुम्हीच सांगितलंत. आधी गाणं, मग चित्र, ही कृती आपल्याकडे अगोदर झाली. आता 'कथा नाही' म्हणून फाटे फोडू नका.

रिळं_आणि_राख: वडील फिरत्या तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, सातारा-सांगलीच्या जत्रांना. आवडीचं गाणं लागलं की लोक पडद्याकडे नाणी उधळायचे. 'वन्स मोअर'चा गिल्ला झाला की वडील रीळ मागे घेऊन तेच गाणं परत लावायचे. त्यात दोनदा पट्टी तुटली, मालकाने पगारातून कापले. गाण्यासाठी पैसे टाकून पुन्हा बघणं म्हणजे पॅनोरमच ना? आमच्याकडे फक्त यंत्राला खाच नव्हती.

टेपवाला: वडिलांना नमस्कार. हा मुद्दा झोंबला, कारण त्याला उत्तर नाही.

कात्री: मी वीस वर्षं एडिटिंग करते. वरच्या सगळ्या वादात एक नाव नाही. क्वीनचा तो व्हिडिओ ब्रूस गॉवर्सने दिग्दर्शित केला. ऐकलंय कुणी? क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शाळेत होता हे मात्र इथल्या प्रत्येकाला पाठ. एमटीव्ही खालच्या पट्टीत कलाकार, गाणं, अल्बम, कंपनी सगळं द्यायचं. दिग्दर्शकाचं नाव १९९२ च्या अखेरीस द्यायला लागलं. अकरा वर्षं! माझ्या एका कामात तर कंपनीने माझं नाव शेवटच्या क्षणी उडवलं. राग अजून गेलेला नाही.

केबलपिढी: धागा कुठे निघाला आणि कुठे पोचला! एमटीव्हीला इतकं हिणवू नका. मी नागपूरला ९३ साली शेजाऱ्यांच्या खिडकीतून बघायचो, आमच्याकडे केबल नव्हतं. एमटीव्हीआधी व्हिडिओ म्हणजे गायकाच्या गैरहजेरीचा दाखला. नंतर तो स्वतःच घटना झाला. डिसेंबर १९८३ मध्ये मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर', जॉन लँडिस दिग्दर्शक, जवळजवळ चौदा मिनिटं. असं कुठल्या बारमधल्या कपाटात मावलं असतं?

टेपवाला: नाव काढलंतच तर ऐका. त्याच १९८३ मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्या निवेदकाला मुलाखतीत तोंडावर विचारलं, तुमच्याकडे काळे कलाकार इतके कमी का दिसतात? काळा गायक रिक जेम्स तर उघड आरोप करत होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या बारमध्ये लुई जॉर्डन दिसत होता आणि तुमच्या क्रांतीच्या चॅनेलला जागा सापडेना. मला त्याची चीड आहे.

केबलपिढी: चीड रास्त आहे. पण खिडकीतून बघणाऱ्या मुलाला जॅक्सन दाखवला तोही त्याच चॅनेलने. माझ्या बालपणावर तुमचा राग काढू नका.

टेपवाला: बरं. जन्म एमटीव्हीचा नाही, पण व्हिडिओला चोवीस तासांचं घर त्याने दिलं. इतकं मान्य, पुढे एक इंचही नाही.

मोगरा: आणि १९३५ चं?

टेपवाला: कृती आपल्याकडे आधी, तेही मान्य. छायागीताला म्युझिक व्हिडिओ म्हणणार नाही.

मोगरा: नका म्हणू. उद्या त्यावर वेगळा धागा काढते. रिळंवाले, वडिलांची आठवण तिथे पूर्ण लिहा.

कात्री: आणि दिग्दर्शकांची नावं घालून लिहा.