कैलासाचा बर्फ आणि वेणीतला गोंद

ब-३०४ वहिनी, ५:१०: सर्वांस नमस्कार. कैलासाच्या देखाव्याचा बर्फ चिकटवण्यासाठी मुलांच्या हाती झटपट गोंदाच्या ट्यूब कोणी दिल्या, हे मला कळावे. माझ्या मुलीने कापसावर गोंद ओतताच कापूस चटका बसण्याइतका तापला, तिने हात झटकला आणि उरलेला गोंद वेणीत गेला. तिची दोन बोटेही चिकटली आहेत.

सचिव, ५:१४: वहिनी, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, मात्र ट्यूब मोठ्यांसाठी आणल्या होत्या, हे नम्रपणे नमूद करतो.

अ-१०२ काका, ५:१५: रॉकेल चोळावे. लगेच सुटते.

क-२०१ डॉक्टरताई, ५:१८: काका, कृपया नको. रॉकेलाने त्वचा भाजल्यासारखी होते आणि हा गोंद त्याने सुटतही नाही. वहिनी, बोटे ओढू नका, कातडी सोलून निघेल. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि कडेने हळूहळू फिरवत सोडवा. कापूस तापला तिथे फोड आला असेल, तर मला दाखवा.

अ-१०२ काका, ५:२०: इंदूरला मिलच्या झांकीचे, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या फिरत्या देखाव्याचे, काम आम्ही रात्र रात्र करत होतो. हात रॉकेलानेच साफ होत.

ब-१०३, ५:२२: काका, हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तुमची बाटली मात्र अजून चालू आहे!

अ-१०२ काका, ५:२३: हसावे. तेव्हा कागदाला मैद्याची खळ असे आणि ती पाण्यानेच जाई. रॉकेल लागे ते ऑइल पेंटला.

क-२०१ डॉक्टरताई, ५:२६: पेंटलाही खोबरेल चोळून मग साबण लावला की पुरते. झटपट गोंदाला अॅसिटोन लागते, म्हणून नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटलीवर ते नाव आहे का, हे आधी पाहावे. ते फक्त केसांच्या चिकटलेल्या भागावर, डोळे आणि टाळू सांभाळून लावावे. डोळ्यात गोंद गेला, तर मात्र काहीही न लावता पाण्याने धुऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

ब-१०३, ५:२९: रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, निघताना अंगाला तेल फासतो, तसे मुलांना आधीच फासून ठेवावे काय?

ब-३०४ वहिनी, ५:३०: आपल्या मुलाची वेणी चिकटली असती, तर हा विनोद सुचला नसता.

सचिव, ५:३३: अॅसिटोन देखाव्याजवळ नेऊ नये, थर्माकोल विरघळतो. आठ वाजता आरती आहे आणि ते निरांजनाजवळ पेट घेईल, तेही लक्षात असावे.

ब-३०४ वहिनी, ५:३४: आपणास थर्माकोलची काळजी आहे, हे वाचून बरे वाटले.

अ-१०२ काका, ५:३६: रॉकेल.

ब-३०४ वहिनी, ६:५०: बोटे पाऊण तासात सुटली. वेणी अॅसिटोनने बरीच मोकळी झाली, तेल लावून विंचरली, तरी शेवटचा गठ्ठा कापावाच लागला. डॉक्टरताई, आपले आभार. उरलेल्या चार ट्यूब सचिवसाहेबांच्या दाराशी ठेवल्या आहेत; त्यांनी त्या उंच फळीवर ठेवाव्यात.