मदत हवी आहे: सोरायसिस, त्यात एएफ, आणि गोळीनंतर वाढलेले चट्टे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझे मिस्टर ४६ वर्षांचे, सातपूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. सोरायसिस लग्नाआधीपासूनचा. निफाडकडे पारा उतरला की आमच्याकडे खपल्या वाढतात, त्याची सवय झालीये. यंदा मात्र छातीत धडधड सुरू झाली. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं. थायरॉईड नॉर्मल, इको ठीक. मेटोप्रोलॉल (ठोके आवरणारी बीटा ब्लॉकर गोळी) सुरू केल्यावर धडधड थांबली, पण काही आठवड्यांत पाठभर चट्टे उसळले.

त्वचेचे डॉक्टर म्हणतात, हार्टवाल्यांना विचारा. हार्टवाले म्हणतात, स्किनचं स्किनवाल्यांकडे. आम्ही फाइल घेऊन कॉलेज रोड ते मुंबई नाका फिरतोय.

डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासाबद्दल वाचलं (युरोपियन हार्ट जर्नल, २०१२). पन्नाशीच्या आत तीव्र सोरायसिस असेल तर एएफचा धोका जवळपास तिप्पट, सौम्य असेल तर दीडपट. या वयात मुळात धोका कमी, मग तिप्पट म्हणजे कितपत घाबरायचं? गोळीचा आणि चट्ट्यांचा संबंध आहे का? रक्त पातळ करायची गोळी दिलेली नाही, ते बरोबर आहे का? सासूबाई तर सगळ्याचं खापर वांग्यावर फोडून मोकळ्या झाल्यात.

प्रतिसाद १
ताई, मी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही. बीटा ब्लॉकरने सोरायसिस भडकू शकतो, हे माहीत असलेलं आहे. पण गोळी मनाने एकदम बंद करू नका, ठोके उलटून वाढतात. हार्टच्या डॉक्टरांना सरळ विचारा, त्याऐवजी डिल्टियाझेम (ठोके आवरणारी, पण बीटा ब्लॉकर नसलेली गोळी) चालेल का? मात्र पुढे त्वचेसाठी सायक्लोस्पोरिन दिलं तर दोघांनाही सांगा. डिल्टियाझेममुळे सायक्लोस्पोरिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आणि सायक्लोस्पोरिनने बीपीही चढतं. रक्त पातळ करायची गोळी वय, बीपी, शुगर, आधीचा पॅरालिसिस वगैरे पाहून ठरते. त्या हिशोबात सोरायसिस धरत नाहीत, म्हणून कमी वयात बऱ्याचदा देत नाहीत.

प्रतिसाद २
दोन्ही आजारांत शरीरातली सूज हा समान धागा मानतात, त्यामुळे बीपी, वजन, शुगर, दारू हे सगळं बघावं लागतं. सांधे दुखतात का त्यांचे? दुखत असतील तर पेनकिलर मनाने देऊ नका, सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तर मुळीच नाही. आणि सगळ्या गोळ्यांची एकच यादी करून दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, मलमांसकट.