'वासूनाका' चाळीस पानांवर मिटणाऱ्यांना

मधला बाक

काल इथे एकाने लिहिलं: "भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' चाळीस पानांवर मिटलं. मुतारीच्या भिंतीवर जे फुकट वाचायला मिळतं ते पैसे देऊन कशाला वाचायचं? अत्र्यांनी तेव्हाच ओळखलं होतं." त्याखाली अंगठ्यांची रांग. उत्तर तिथेच द्यायला बसलो, पण लांबलं. म्हणून वेगळा धागा.

आधी अत्र्यांचं. नाक्यावरच्या पोरांचं हे पुस्तक आलं १९६५ साली आणि आचार्य अत्र्यांनी आपल्या 'मराठा' दैनिकातून ते झोडपलं, हे खरं. पण 'मराठा'तली स्वतः अत्र्यांची भाषा कुठे सोवळ्यात होती? विरोधकांवर लिहिताना त्यांनी कुणाची काय काय काढली नाही? मोठ्या माणसाचं नाव पुढे केलं की पुस्तक वाचायची जबाबदारी संपते, एवढाच त्या नावाचा उपयोग. आणि नावंच मोजायची असतील तर कवी दिलीप चित्र्यांचं मोजा. पाध्यांच्या श्रेष्ठ कथा त्यांनी निवडून संपादित केल्या आहेत. चित्रे काय भिंती वाचत हिंडणारे होते?

आता मुद्दा. 'वासूनाका'त बोचतात त्या शिव्या नव्हेत. बोचतं ते हे, की नाक्यावरचाच एक पोरगा, पोक्या, सगळं सांगत सुटतो आणि लेखक मध्ये येऊन त्याचा कान धरत नाही. आपल्याला सवय कसली, तर पोरगं वाया गेलं की शेवटच्या प्रकरणात त्याला टीबी तरी व्हावा, नाहीतर आईने हंबरडा फोडावा. इथे तसलं काही नाही. वाचणाऱ्याला हात धरायला कुणी ठेवलेलंच नाही, आणि त्याचाच राग येतो. मग तो राग शिव्यांवर काढायचा.

ज्या खोलीत आठ माणसं झोपतात, मोठा भाऊ लग्न झालं म्हणून पडद्यामागे आणि बाकीचे गॅलरीत, तिथला विशीतला बेकार पोरगा जाणार कुठे? नाक्यावर. त्याच्या डोक्यात दिवसभर काय चालतं हे मराठीत पाध्यांच्या आधी इतकं उघडं कुणी लिहिलं होतं, सांगा.

आणि हा माणूस फक्त घाण लिहायचा असं वाटत असेल तर 'वैतागवाडी' वाचा. मुंबईत डोक्यावर छप्पर मिळवताना माणसाचा कसा भुगा होतो ते त्यात आहे. पण त्यावर कोण भांडणार!

सरळवाट

तो 'एकाने' म्हणजे मी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

शिव्यांनी माझे कान विटत नाहीत. आयुष्य गोदीत गेलं. आमच्या मुकादमाच्या तोंडी जे होतं ते पाध्यांच्या पोरांना झेपलं नसतं. माझी तक्रार कंटाळ्याची आहे. पहिल्यांदा दचकलो, दुसऱ्यांदा हसलो, दहाव्यांदा पान उलटलं. पोरं उभी, पोरगी गेली, पोरं बोलली. पुन्हा पोरं उभी. धक्का एकदाच बसतो, साहेब. त्यानंतर लेखकाच्या खिशात काय आहे ते मला बघायचं होतं, आणि मला खिसा रिकामा दिसला.

"असं खरंच असतं" हे तर उत्तरच नव्हे. खरं पुष्कळ असतं. गटारही खरंच असतं.

नेमाडपंथी

१९६३ साली नेमाड्यांची 'कोसला' आली तेव्हाच मराठी कादंबरीची भाषा मोडली होती. पाध्यांनी वेगळं काय केलं?

मधला बाक

प्रत्येक धाग्यात 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर आलाच पाहिजे असा नियम आहे का? सांगवीकर परत जातो तेव्हा घरी खायला असतं. पोक्याला जायला गावच नाही. एवढा फरक पुरे की अजून हवा?

काळा कोट

अश्लीलतेवर बोलताय तर त्या वर्षांत कायद्याची हवा काय होती तेही बघा. मर्ढेकरांवर कवितांसाठी खटला झाला, निर्दोष सुटले, पण त्यात माणूस किती पिळून निघाला. १९६४ साली, म्हणजे 'वासूनाका'च्या आदल्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही इंग्रजी कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि ती अश्लील नाही हे सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकायला १९६९ उजाडलं. एका कथेसाठी सात वर्षं. अशा हवेत हे पुस्तक छापणाऱ्याच्या छातीला तरी दाद द्या.

आणि सरळवाट, १९६४ च्या त्या निकालातसुद्धा मजकूर सगळ्या पुस्तकाच्या संदर्भात बघायला हवा असं म्हटलंय. चाळीस पानांवर कोर्टही निकाल देत नाही.

सरळवाट

वकीलसाहेब, अर्धंच वाक्य वाचलंत. अश्लील भाग सुटा काढूनही तपासायचा, असं त्याच निकालात पुढे आहे. शिवाय मी कुठे म्हणालो बंदी घाला? तुरुंगात टाकण्याजोगं नाही म्हणून ते चांगलं, हा कुठला न्याय?

काळा कोट

मान्य, तेही आहे. मराठी वाचकाने निकालपत्र शेवटपर्यंत वाचलं आणि कादंबरी चाळीस पानांवर सोडली, हे मात्र आज पहिल्यांदा पाहिलं.

जुनी पानं

आमच्या वाचनालयात पाध्ये लोखंडी कपाटात असायचे आणि किल्ली ग्रंथपालबाईंच्या कमरेला. मागितलं की चष्म्यावरून बघायच्या, "वडिलांची चिठ्ठी आणा." त्याच वाचनालयात खून-बलात्कारांनी भरलेल्या रहस्यकथा उघड्या फळीवर, पानं सुटेपर्यंत वाचलेल्या. त्यात शेवटी इन्स्पेक्टर येतो ना, म्हणून चालतं. बाकी ते वाचनालय आता वातानुकूलित अभ्यासिका झालंय, पुस्तकं सगळी रद्दीत. त्यावर कुणी धागा काढत नाही.

उन्हाळी

सगळे पुरुष बोलताहेत म्हणून लिहिते. मी लालबागला वाढले. चाळीच्या तोंडाशी नाका, नाक्यावर पानवाल्याची गादी आणि गादीला लागून ही पोरं. कॉलेजची बस पलीकडच्या बाजूला. म्हणजे रोज तेवढ्या पन्नास पावलांचा रस्ता. पाऊस असो-नसो, छत्री उघडायची आणि त्या बाजूला तिरकी धरायची. प्रत्येकीला टोपणनाव होतं. मी मान खाली घालून भराभर चालायचे म्हणून मी 'फास्ट'. माझ्या मैत्रिणीचा एक पाय अधू होता, ती 'स्लो'. हे नाव ऐकू आलं त्या दिवशी ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली आणि कॉलेज येईपर्यंत बोलली नाही. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, तू खाली बघून जात जा. मी खालीच बघत होते! शेवटी आम्ही मागच्या गल्लीतून जायला लागलो. तिथे उघडं गटार होतं. सरळवाट, तुमचं ते गटार, हेच.

'वासूनाका' लग्नानंतर वाचलं. पूर्ण वाचलं. छत्रीच्या पलीकडे काय चाललेलं असायचं ते सगळं त्यात आहे आणि अचूक आहे. लेखक खोटं बोलत नाही, हे मला तुमच्या कुणापेक्षाही जास्त कळतं. पण त्यातल्या पोरी फक्त दिसतात. त्यांना डोकं आहे असं एकाही पानावर मला जाणवलं नाही. आता म्हणाल, पोक्याच सांगतोय, त्याला दिसेल तेवढंच येणार. बरोबर. मग पोक्याच्या खोलीत आठ माणसं झोपतात म्हणून मला कळवळा यावा, ही अपेक्षा तुमची की पाध्यांची? आमच्या खोलीत नऊ होतो. मी नाक्यावर उभी राहिले नाही.

चिंचपोकळीकर

ताई, तुमचा अनुभव तुमच्यापाशी, पण नाक्याला एकच रंग फासू नका. मी नाक्यावरचाच. रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलं तर खाटेसकट त्याला केईएमला नेणारे आम्हीच. रक्त द्यायला आम्ही, गणपतीला आम्ही, मयताचं सामान आणायला आम्ही. ८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा घरोघरी शिधा कुणी पोचवला? नाक्यावरच्या पोरांनी. पाध्यांनी ही बाजू लिहिली नाही म्हणून माझा पण त्यांच्यावर राग आहे, पण तो उलटा.

उन्हाळी

माझ्या आजोबांना खांदा द्यायला ती पोरं आली होती. माझ्या मैत्रिणीला 'स्लो' म्हणणारा त्यांत पुढे होता. माणसं दोन नव्हती हो.

चिंचपोकळीकर

म्हणजे खांदा दिला तेही चुकलंच! सोसायटीच्या गेटवर वॉचमन ठेवून बसलेल्यांनी आता आम्हाला शिकवायचं. आज तुमच्या टॉवरमध्ये माणूस मरून पडला तरी शेजाऱ्याला वास आल्यावर कळतं.

उन्हाळी

टॉवर नाही, अजून चाळच आहे. नाकाही आहे. गादीवाल्याचा मुलगा बसतो आता.

मधला बाक

नाक्याचं भांडण वेगळ्या धाग्यात नेता का? इथे कादंबरीचं चाललंय.

उन्हाळी, तुमचा मुद्दा मला टाळायचा नाही. पण पोक्याच्या तोंडून सांगायचं ठरलं की पोरींचं मन आणणं म्हणजे लेखकाने मध्ये घुसणं, आणि मग ते पुस्तकच उरत नाही. तुम्हाला ती पोरं अचूक वाटली, त्यात तुमचा संताप परत जागा झाला. यापेक्षा जास्त कादंबरीने काय करायचं?

उन्हाळी

मला जागं करायला कादंबरी लागत नव्हती. ज्यांना लागत होती ते वाचताना हसत होते. आमच्या घरात पुस्तक आलं तेव्हा माझे दीर त्यातले उतारे मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि सगळे पुरुष पोट धरून. लेखकाने कान धरला नाही म्हणून तुम्ही त्याला मोठं म्हणता. न धरल्यामुळे कोण कसं वाचतं तेही बघा कधीतरी.

जुनी पानं

दीर हसले हा पुस्तकाचा दोष?

सरळवाट

मी सोडलं तर मी सोवळा, यांचे दीर हसले तर ते बिनडोक, आणि यांनी पूर्ण वाचून आक्षेप घेतला तर त्यांना पोक्या कळला नाही. पाध्यांना नावडून घ्यायला पात्र कोण, त्याचा एक फॉर्म काढा बुवा.

बरं, पुढची पानं वाचतो. आवडायला नव्हे. बाईंनी म्हटलं ते खरंच तसं आहे का, एवढंच बघायला.

मधला बाक

उपकार झाले. जमलं तर 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर'पण घ्या. तिथे नाका नाही, वरच्या वर्गातली माणसं आहेत. तुमच्या मुकादमाच्या पुढे काय लिहिता येतं ते दिसेल.

चिंचपोकळीकर

माझ्या टॉवरच्या मुद्द्यावर कुणी बोललं नाही ते लक्षात आलं बरं का.

उन्हाळी

बोलते. तुम्हाला बहीण होती का? ती कॉलेजला कुठल्या रस्त्याने जायची?

चिंचपोकळीकर

होती. मागच्या गल्लीने जायची. आम्हीच सांगितलं होतं तिला. नाक्यावर पोरं असतात, तिच्या भल्यासाठीच सांगितलं, आणि त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.