मदत हवी आहे: एडिटिंगच्या पीसीसाठी ड्राइव्ह कोणत्या घेऊ?

नमस्कार मंडळी. नागपुरात लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. घरीच नवीन पीसी जुळवतोय, फक्त स्टोरेजवर अडलंय. विंडोजसाठी ५०० जीबी आणि चालू कामाच्या फोर-के फुटेजसाठी २ टीबी, अशा दोन एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या वेगवान एसएसडी) घ्याव्यात असं वाटतं. साटा (जुन्या, केबलने जोडायच्या प्रकारची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, जेन ४ ची (चौथ्या पिढीची) चांगली एनव्हीएमई ड्राइव्ह ७००० पर्यंत जाते. पण तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकदम चालवताना हा फरक खरंच जाणवतो का?

दुसरी काळजी उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ वर, खोलीत नुसता कूलर. ड्राइव्हवर साधा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) पुरेल का?

मागच्या वर्षी हार्ड डिस्क गेली आणि एका ताईंच्या हळदीचं शूटिंग कायमचं गेलं. अजून मनाला लागून आहे. त्यामुळे यावेळी बॅकअपसाठी ८ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेणारच. सीएमआरच (ज्यात डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवलेले नसतात, त्या प्रकारची) घेऊ ना?